वारशाने आलेली गाडी: मुंबईत दुरुस्तीचा सल्ला कुणाकडून आणि कसा घ्यायचा

घरातलं माणूस जातं, दिवसकार्य उरकतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विषय काढतं, "गाडीचं काय करायचं?" मग किल्ली तुमच्या हातात येते. जुनी गाडी विकत घेताना समोर निदान विकणारा असतो, त्याला चार प्रश्न विचारता येतात. वारशाने आलेल्या गाडीच्या बाबतीत, क्लच कधी बदलला, दुसऱ्या गिअरला खरखर का येते, एसीचं काम कुणाकडून करून घेतलं, हे ज्याला ठाऊक होतं तोच माणूस आता नाही. म्हणून सल्ला घेण्याचं काम गॅरेजच्या दारात सुरू होत नाही. त्या माणसाकडे गाडीची जी माहिती होती ती जमेल तेवढी आधी गोळा करायची आणि मगच मेकॅनिकशी बोलायचं. ज्यांनी आजवर बोनेटही उघडलेलं नाही त्यांना नजरेसमोर ठेवून हे लिहितोय.

१. आधी सेल्फ मारू नका

बंद गाडी दिसली की सेल्फ मारून बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. शेजारचे काका जंपर केबल घेऊन येतात, वॉचमन ढकलायला तयार असतो. जरा थांबा. गाडी किती दिवस उभी आहे आणि कुठे उभी होती, हे आधी विचारून घ्या. मुंबईत उभ्या गाडीची नासाडी तीन गोष्टी करतात: उंदीर, खारी दमट हवा आणि साचलेलं पाणी.

बोनेट उघडून टॉर्च मारा. बॅटरीच्या मागे, इंजिनाच्या वरच्या आवरणाखाली, एअर फिल्टरच्या डब्यात कागदाचे कपटे, चिंध्या किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंग कुरतडलेलं असण्याची दाट शक्यता असते. पेट्रोलचा वास येत असेल तर किल्लीला हातच लावू नका. उंदरांनी पेट्रोलचा पाइप कुरतडला असेल, तर आग लागायला एक ठिणगी पुरते. अशा वेळी मेकॅनिकला गाडीपाशी बोलवायचं.

पाण्याचा प्रश्न त्याहून गंभीर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा शहरभर गाड्या बुडाल्या होत्या. आजही हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे यांच्या आसपास राहणाऱ्यांना पाणी किती झपाट्याने चढतं ते सांगावं लागत नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर येतो, पण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला धरणारा दांडा) वाकतो. तिथून पुढचा खर्च म्हणजे अख्खं इंजिन खोलणं. गाडी कधी पाण्यात होती का, हे ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. खालच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का? सीट ज्या पट्टीवर सरकते तिला गंज आहे का? मॅट उचलून खालचा गालिचा चाचपा, ओला किंवा कडक झालाय का? यातलं काही दिसलं तर गाडी चालू न करताच तपासायला द्या.

हँडब्रेक ओढून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गाडी पुढे सरकत नसेल तर ॲक्सिलरेटर देऊन रेटू नका, मेकॅनिक चाक काढून ते सोडवून देतो. बॅटरी उतरलेली असेल तर काढून बाहेर चार्ज करून घेतलेली बरी. आणि गाडी चालू करायची वेळ येईल तेव्हा बंद गॅरेजमध्ये करू नका. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२. गाडी रस्त्यावर आणण्याआधीचे कागद

गॅरेजपर्यंत नेतानाही गाडी रस्त्यावरच असते, म्हणून हे आधी.

मालक गेल्यानंतर ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची माहिती द्यायची असते. तसं केलं तर तीन महिने गाडी आपल्या नावावर झाल्यासारखी वापरता येते आणि त्या तीन महिन्यांतच नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, तुम्ही वारस असल्याचा पुरावा आणि साधारणपणे बाकीच्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र लागतं. भावंडांची सही आधी घ्या. खर्च करून झाल्यावर "गाडी माझीपण आहे" हे वाक्य ऐकायला लागू नये. नंबर एमएच ०१ असेल तर ताडदेवचं आरटीओ, ०२ अंधेरी, ०३ वडाळा आणि ४७ बोरिवली. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा. कर्ज फिटलेलं असूनही तो काढायचा राहून गेलेला असतो, त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो.

विमाधारक गेल्यावर पॉलिसी लगेच बंद पडत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत ती चालते. त्या काळात विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. गाडी जोडीदाराकडे किंवा मुलांकडे आली असेल तर जमलेला नो क्लेम बोनसही मिळू शकतो, तो मागून घ्या. विमा संपलेला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, फ्लॅटबेड टोइंग (गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक) मागवा. विना विमा पकडलं गेलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण खरी भीती अपघाताची असते. समोरच्याला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून जाते.

ई-चलनं, फास्टॅग आणि जुनी नंबरप्लेट या तीन गोष्टी याच फेरीत बघून टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे का, हे आरटीओची कामं अडू नयेत म्हणून तपासा.

३. गाडीची कुंडली जमवा

या पायरीला पूर्ण एक रविवार द्या. पुढचे सगळे सल्ले यावर उभे राहतात.

डॅशबोर्डचा कप्पा, डिकी, सीटखालची जागा आणि घरातलं कपाट धुंडाळा. आधीच्या पिढीतली माणसं पावत्या जपून ठेवतात, बहुतेक वेळा विम्याच्या फाइलमध्येच. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकावरचे किलोमीटर एका कागदावर उतरवा. बॅटरीचं वॉरंटी कार्ड, टायरची पावती, सीएनजी किटचे कागद, जुन्या पीयूसी पावत्या, सगळं बाजूला काढा. पेट्रोल गाडीच्या पीयूसी पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. दोन-तीन वर्षांच्या पावत्यांवर तो चढत गेलेला दिसला, तर इंधन नीट जळत नसल्याची खूण तुम्हाला गाडी चालू न करताही मिळाली.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर किंवा चॅसिस नंबर दिला की तिथे झालेल्या कामांची हिस्टरी निघते. मृत्यूचा दाखला आणि आरसी जवळ ठेवा, ओळख पटवायला उपयोगी पडतात. त्याच वेळी या चॅसिस नंबरवर एखादा रिकॉल बाकी आहे का, तेही विचारा. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग इन्फ्लेटरमुळे होंडाने भारतात सिटी, सिव्हिक, जॅझ अशा अनेक जुन्या गाड्या परत बोलावल्या होत्या आणि तो भाग मोफत बदलून दिला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने कंपनीचं रिकॉलचं पत्र बाजूला ठेवलेलं असू शकतं.

आता इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. "दादांनी गाडी जपून वापरली, बारा वर्षांत फक्त तीस हजार किलोमीटर," असं अभिमानाने सांगितलं जातं. कमी चाललेली गाडी म्हणजे ठणठणीत गाडी, असं नसतं. मंडई, बँक, देऊळ अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. ऑइलमधली आणि सायलेन्सरमधली वाफ उडून जात नाही, सायलेन्सर आतून सडतो, बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. शिवाय रबर किलोमीटर मोजत नाही, त्याचं वय वाढतच असतं. टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्वची आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचं, उदाहरण घ्या. सँट्रो झिंगच्या १.१ लिटर इंजिनाला रबरी टायमिंग बेल्ट आहे, २०१० नंतरच्या वॅगन आरमधल्या के १० इंजिनाला चेन आहे. बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि त्यातलं जे आधी येईल ते धरायचं. आपल्या इंजिनाला बेल्ट आहे का, आणि तो बदलल्याचं बिल आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजूनच चाला. चालत्या गाडीत तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं लागतं, गाडी चालो की न चालो.

सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख किटच्या प्लेटवर किंवा प्रमाणपत्रावर असते. ती उलटून गेली असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व बंद करून ठेवा आणि टेस्ट होईपर्यंत गाडी पेट्रोलवरच वापरा. आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, तेही पाहा.

४. जुन्या मेकॅनिकला शोधा

फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये "गॅरेज", "मिस्त्री", "एसीवाला" अशी नावं बघा. बिलांवरचे नंबर लावून पाहा. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, गाडी धुणाऱ्या मुलाला विचारा. त्याला गाडीखाली ऑइलचा डाग कधीपासून पडतोय ते बहुधा माहीत असतं.

फोन लागला की आधी बातमी सांगा. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक गेल्याचं त्यालाही वाईट वाटतं, आणि त्यानंतर तो जे मोकळेपणाने सांगतो ते कुठल्याही स्कॅनरवर येत नाही. "शेवटी कधी आली होती गाडी?" "तुम्ही करायला सांगितलं आणि राहून गेलं असं काही आहे का?" हा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. शेवटच्या आजारपणात माणसं गाडीची कामं पुढे ढकलतात. "साहेबांना बोललो होतो, पुढचे लोअर आर्मचे बुश गेलेत, म्हणाले दिवाळीनंतर बघू," असं एक वाक्य हाती लागलं की तुमची अर्धी तपासणी झाली.

५. पार्किंगमध्येच अर्ध्या तासाची तपासणी

सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून हे करा.

डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची सळई) काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं असलं तर जुनं आहे, घाबरू नका. पण दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळतंय. गाडी चालू न करता ते आधी दाखवा. कूलंटच्या पांढऱ्या डब्यात पातळी बघा. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उंच दिसली तरी आठ-दहा वर्षांचा टायर बदलायचा. कडेला बारीक भेगा असल्या तर चर्चाच नको. स्टेपनीची तारीखही बघा, ती बऱ्याचदा गाडीइतकीच जुनी निघते.

किल्ली फिरवून इंजिन चालू न करता थांबा. डॅशबोर्डवरचे दिवे पेटायला हवेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला हवेत. चेक इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा सुरुवातीलाही पेटत नसेल तर कुणीतरी तो काढून टाकल्याची शंका घ्या. लाल दिवा, म्हणजे ऑइलचा किंवा तापमानाचा, चालताना पेटला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. पिवळा असेल तर हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. मात्र तो लुकलुकत असेल आणि गाडी झटके मारत असेल तर तिथेही थांबा.

सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन जास्त जातंय. पांढरा धूर थंड इंजिनाला थोडा वेळ चालतो, गाडी तापल्यावरही राहिला तर कूलंट आत जातंय. सगळं झाल्यावर गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कोणत्या रंगाचा आहे त्याचा फोटो काढा. एसी चालवला असेल तर डाव्या बाजूचं साधं पाणी मोजू नका.

खारी हवा पत्र्यावर काम करते, म्हणून दाराच्या खालच्या कडा, डिकीचा तळ आणि पुढचे शॉकअप जिथे बसतात ती जागा बोटाने दाबून पाहा. रंगाला फोड आले असतील तर आतून गंज आहे. वरवरचं डेंटिंग-पेंटिंग नंतरही होईल, सस्पेन्शन ज्यावर उभं आहे तो पत्रा सडलेला असेल तर गाडीचा सगळा हिशोबच बदलतो.

६. लक्षणं सांगा, रोग सांगू नका

सल्ला चांगला मिळणार की नाही हे बहुतेक वेळा प्रश्नावर ठरतं. मेकॅनिकला पाठवलेला हा मेसेज बघा:

"काकांची गाडी आहे, बंद पडते, काय झालं असेल? खर्च किती?"

याला प्रामाणिक माणूस एकच उत्तर देईल, "घेऊन या." आता हा बघा:

"वॅगन आर, २०१२, कंपनी फिटेड सीएनजी, ४१,००० किलोमीटर. पाच महिने उभी होती. बॅटरी आणि एअर फिल्टर नवे टाकलेत. पेट्रोलवर सिग्नलला उभी असताना आरपीएम खाली-वर होतो, एसी लावला की बंद पडते. सीएनजीवर टाकली की नीट चालते. चेक इंजिनचा दिवा नाही. पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हला असायची."

या मेसेजने अर्धं काम केलंय. सीएनजीवर इंजिन नीट चालतंय म्हणजे प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन यांवर शंका घ्यायचं कारण कमी होतं. संशय पेट्रोलच्या बाजूला जातो: जुनं झालेलं पेट्रोल, पंप, फिल्टर, इंजेक्टर. शेवटचं वाक्य तर फार मोलाचं आहे. सीएनजी गाडीत पेट्रोल कमी ठेवायची सवय असते आणि टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे रिकाम्या टाकीत तो लवकर जातो. अनुभवी मेकॅनिक हे वाचून तुम्हाला आधी ताजं पेट्रोल भरायला आणि मग फ्युएल प्रेशर तपासायला सांगेल, आणि तुमचे प्लग-कॉइलचे पैसे वाचतील.

आवाजाबद्दल सांगायचं असेल तर "आवाज येतो" एवढ्यावर थांबू नका. उभ्या गाडीत येतो की चालत्या? क्लच दाबला की सुरू होतो की दाबल्यावर थांबतो? दाबल्यावर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. स्पीडब्रेकरवर खडखड म्हणजे लिंक रॉड, बुश, शॉकअप बघायचे. पूर्ण स्टेअरिंग वळवून निघताना कट-कट येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं बहुतेक व्हील बेअरिंगची किंवा झिजलेल्या टायरची. ही तुमची निदानं नव्हेत. फक्त कोणती निरीक्षणं सांगायची ते यातून कळतं. सकाळचं पहिलं स्टार्टिंग मोबाइलवर चित्रित करा, डॅशबोर्ड दिसेल असं. गॅरेजमध्ये नेल्यावर आवाज गायब होतो, तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो.

"क्लच प्लेट गेलीय, बदलून द्या," असं मात्र म्हणू नका. तुम्ही सांगितलं म्हणून तो बदलेल, बिल होईल, आणि आवाज तिथेच राहिला तर दोष कुणाचा?

साधारण २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्टेअरिंगखाली ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची खाच) असतो आणि ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर बिघाडाचे कोड वाचता येतात. घेतला तर उपयोग होतो, पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी ०३०० इतकंच सांगतो की इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर की हवेची गळती, ते शोधायला माणूसच लागतो. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

७. कुणाला विचारायचं

जुना मेकॅनिक मिळाला तर पहिला तोच. नाही मिळाला तर टॅक्सी स्टँडवर जा. हे मी मनापासून सांगतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत वॅगन आर आणि सँट्रो वर्षानुवर्षं धावल्या आहेत आणि ज्याचं पोट गाडीवर आहे तो वाईट गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा जात नाही. "दादा, इंजिनचं काम कुणाकडे करता? आणि एसीचं?" असं दोन-तीन जणांना विचारा. एकच नाव दोनदा आलं की तिथे जा. एसी, वायरिंग, रेडिएटर, गिअरबॉक्स यांची माणसं वेगवेगळी असतात, सगळं एकाच गॅरेजच्या गळ्यात घालू नका.

अधिकृत सर्व्हिस सेंटर एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर, चावीचं कोडिंग आणि रिकॉल यांसाठी योग्य. पंधरा वर्षांच्या गाडीच्या बारीक दुरुस्तीला तिथे महागात पडतं, कारण ते बहुधा अख्खी असेंब्ली बदलतात, तर बाहेरचा मिस्त्री त्यातला एक बुश बदलून काम भागवतो.

पहिल्या भेटीत फक्त तपासणीचे पैसे द्या. "आज काम करायचं नाही, बघून यादी द्या, बघण्याचे काय होतील ते घ्या," असं स्पष्ट सांगा. ज्याला बघण्याचे पैसे मिळाले त्याला काम काढून दाखवायची घाई राहत नाही. गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस मात्र टाळा. कोकणात जाणाऱ्या गाड्यांनी गॅरेजं भरलेली असतात, कुणालाही निवांत बघायला वेळ नसतो.

नातेवाइकांचे सल्ले ऐकून घ्या, लिहूनही ठेवा, पण काय करावं हे त्यांना विचारू नका. "तुम्ही या गाडीत बसला होतात तेव्हा काही जाणवलं होतं का?" असं विचारा. काकू पटकन सांगून जातात, "घाटात तापली होती ना मागच्या मे महिन्यात, दोनदा थांबलो." हे बिलात कुठेच नसतं.

८. एस्टिमेट वाचताना

यादी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. पार्ट आणि मजुरी वेगळी लिहायला सांगा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तीनच प्रश्न पुरतात: "हे कशावरून ठरवलंत?", "मला दाखवाल?" आणि "आत्ता नाही केलं तर काय होईल?" नीट मेकॅनिक न चिडता चाक हलवून बॉल जॉइंटची ढिलाई दाखवतो, ब्रेक पॅड काढून जाडी दाखवतो. "अहो ताई, सगळंच बदलून टाका, टेन्शन नको," हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

मग यादीचे गट करा. ब्रेक, टायर, स्टेअरिंग, सस्पेन्शनचे सांधे, पेट्रोलची गळती, टायमिंग बेल्ट ही कामं गाडी वापरण्याआधी. वायपर, हेडलाइट, दारांचे रबर, वायरिंगचे उघडे जोड पावसाळ्याआधी. सीट कव्हर, पॉलिश, म्युझिक सिस्टीम कधीही. इंजिन फ्लशिंग आणि अंडरबॉडी कोटिंग यादीत वर दिसलं तर कारण विचारा. गंज न काढता मारलेलं कोटिंग गंज फक्त झाकतं.

मोठ्या कामाला, म्हणजे इंजिन खोलणं, गिअरबॉक्स किंवा एसीची कूलिंग कॉइल, दुसरं मत घ्याच. दुसऱ्याला पहिल्याचं निदान सांगू नका, लक्षणंच सांगा. दोघे स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले तर काम करा. एका वेळी एकच काम करवून घेऊन दोन दिवस गाडी चालवून पाहणं वेळखाऊ वाटतं, पण कशाने फरक पडला ते त्यामुळेच कळतं. आणि जुने पार्ट परत मागा, हे काम सुरू होण्याआधीच सांगायचं.

नवे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळतात, जुने-वापरलेले कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला. दाराचं हँडल, आरसा, हेडलाइट, काचेची मोटर, असे भाग वापरलेले घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग, सीटबेल्ट, टायर यांत वापरलेला माल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. जाण्याआधी चॅसिस नंबर आणि जुन्या पार्टचा फोटो जवळ ठेवा, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदलतात. एमआरपीचं लेबल बघा आणि पक्कं बिल घ्या.

काम झाल्यावर पहिल्याच रविवारी गाडी घेऊन गावी निघू नका. आठवडाभर शहरात चालवा, दोन-तीन दिवस कूलंट आणि ऑइल रोज बघा, मग लोणावळ्यापर्यंत एक फेरी करा. घाटात तापमानाचा काटा जागेवर राहिला तर पुढे जा.

९. गाडी ठेवायची की नाही

हा प्रश्न मेकॅनिकला विचारू नका, त्याचं उत्तर तुमच्या घरातच द्यावं लागतं. त्याच वर्षाची तीच गाडी बाजारात कितीला जाते ते बघा, पुढच्या वर्षभराची अटळ कामं बेरीज करा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. आईला ती गाडी खाली उभी दिसायला हवी असेल, तर तेही कारण खरंच आहे. मग त्या कारणासाठी किती खर्च झेपतो ते आधी ठरवा आणि तो आकडा घरात सगळ्यांना सांगा.

दिल्लीत दहा-पंधरा वर्षांनी गाडी बंद करण्याची जशी सक्ती आली, तशी मुंबईत खासगी गाड्यांना नाही. १५ वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. सोबत राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून त्याहून जास्त. आरसीवरची तारीख जवळ आली असेल तर मोठी दुरुस्ती काढण्याआधी हा खर्चही बेरजेत धरा. तळपत्रा सडलेला असेल तर नूतनीकरण होणं कठीण, तेव्हा आधी पत्रा बघा आणि मग इंजिनावर पैसे घाला.

आणि भंगारातच द्यायची ठरली तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) मिळतं, नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं. डिकीतली आणि कप्प्यातली घरची वस्तू आधी काढून घ्या, फास्टॅग बंद करा, सीएनजी सिलिंडर असेल तर ते आधी सांगा, आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोपर्यंत त्या नंबरवर जे काही घडेल त्याची नोटीस तुमच्याच घरच्या पत्त्यावर येणार.